अंड्यांच्या ट्रेमधले प्लग

मी एकदा मोपेडचा स्पार्क प्लग चिंचेनं घासला होता. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढे मी ज्यांच्या नावानं कुरकुरणार आहे त्यांच्यावर अन्याय नको. लग्न होऊन सांगलीहून बंगळुरात आलेली मी तेव्हा तिशीची, बी.एस्सी. झालेली, आणि जगातली कुठलीही काळी वस्तू चिंचेनं उजळते अशी माझी ठाम समजूत. मोपेड चालू होईना म्हणून प्लग काढला, तर तो काजळीनं काळाकुट्ट. मी तो समईसारखा लख्ख केला. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण प्लगच्या टोकाशी एक बारीक आकडा वाकलेला दिसला. पडून वाकला असेल, बिचारा, असं म्हणून मी तो पक्कडीनं सरळ केला. ठिणगी त्या आकड्याखालच्याच फटीत पडते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते खालच्या मजल्यावरच्या अण्णांनी, आणि ते सांगणं आज पस्तीस वर्षं चालू आहे.

आमच्या अख्ख्या कोरमंगला भागात अण्णांइतका त्रासदायक सज्जन माणूस सापडायचा नाही. मूळचे निपाणीचे, कारखान्यात फिटर होते, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. त्या दिवशी माझा प्लग उजेडाकडे धरून त्यांनी तो चहूबाजूंनी फिरवून पाहिला. मग म्हणाले, "वैनी, हे काय करून ठेवलासा? हा बसवला असतासा तर पिस्टनला भोसकलं असतं की." त्यांनी मला दुसरा प्लग बसवून दिला, आणि चिंचेचा प्लग जपून ठेवला. इमारतीत नवा भाडेकरू आला की त्याला पाण्याच्या वेळा सांगायच्या आधी तो प्लग दाखवला जातो. कोणी घासला, हेही सांगितलं जातं. माझा मजला, दार डावीकडचं की उजवीकडचं, सगळं.

अण्णांचा रविवार ठरलेला. सकाळी पार्किंगमध्ये जुनं वर्तमानपत्र पसरायचं, लोणच्याच्या बरणीच्या झाकणात पेट्रोल ओतायचं, पितळी तारांचा ब्रश काढायचा आणि दिसेल त्या गाडीचा प्लग खोलायचा. परवानगी वगैरे भानगड नाही. काढलेले प्लग अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीनं, ज्याच्या त्याच्या फ्लॅटच्या क्रमानं. मग एकेक घासणं, फुंकणं, फटीत पातळ पत्ती घालून मोजणं, आणि या सगळ्याच्या आधी प्लगचा रंग वाचणं. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग आला तर माणूस चांगला. पांढरा पडला तर इंजिन तापतंय. ओला काळा म्हणजे तेल जळतंय, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल उधळतंय. आम्ही घाईनं कुठं निघालो की गाडीला प्लग नाही, आणि अण्णा झाकणावर वाकलेले. "स्वल्प थांबा," म्हणायचे. त्यांच्या स्वल्पात माझी दोन लग्नं आणि एक बारसं बुडालंय. त्यांच्या बायकोनं एकदा मला सांगितलं, "मला खोकला झाला तर काढा घे म्हणतात. रस्त्यावर कुणाची गाडी खोकली की हातातला घास टाकून पळतात."

त्यांच्या भाचीला बघायला मुलगा आला तेव्हाची गोष्ट. मुलगा मोटारसायकलवरून आलेला. वर पोहे चालले होते, मुलगी ट्रे घेऊन बाहेर आली, सगळे तिच्याकडे बघत होते आणि मामा जागेवर नाहीत. थोड्या वेळानं अण्णा वर आले, हात काळे, आणि सगळ्यांसमोर मुलाला म्हणाले, "तेल कधी बदललं होतं?" मुलगा गोरामोरा. निघताना किका मारून मारून बिचाऱ्याचा सदरा भिजला, कारण प्लग अण्णांच्या खिशात, आणि अण्णा त्याच्या वडिलांना फट मोजायची कशी हे समजावत होते. तो रिक्षानं गेला. लग्न जमलं, प्लग त्याला हळदीच्या दिवशी मिळाला.

आता आमच्या इमारतीत एकामागून एक गाड्या विजेच्या झाल्या. अण्णांची स्वतःची मोटारसायकलही त्यांच्या मोतीबिंदूनंतर मुलानं विकली. पेट्रोलची गाडी उरली ती एकच, माझी पंधरा वर्षांची स्कूटर. पलीकडे एचएसआर लेआउटमध्ये राहणारा माझा मुलगा म्हणाला, "आई, विकून टाक ना ती. शनिवारी एक जण बघायला येतोय." मी लगेच हो म्हणाले. खरं सांगते, मला गाडीपेक्षा अण्णांपासून सुटायचं होतं. रविवारी हवं तेव्हा देवळात जाता येईल, या कल्पनेनंच मला हलकं वाटलं.

त्याच्या आदल्या रविवारी मी भाजीची पिशवी घेऊन खाली उतरले. वर्तमानपत्र पसरलेलं होतं. झाकण, ब्रश, पत्ती, सगळं मांडलेलं. आणि तीस अंड्यांच्या त्या ट्रेमध्ये एकच प्लग, माझा. अण्णांनी तो चष्म्याजवळ नेऊन पाहिला. मी हल्ली मंडईपलीकडे जात नाही, त्यामुळे तो गेल्या आठवड्याइतकाच स्वच्छ. "काय नाही ह्यात," म्हणाले. दोन मिनिटांत बसवून टाकला. एरवी अकरापर्यंत चालणारा कार्यक्रम साडेआठला संपला. मग त्यांनी कोरडा ब्रश फडक्यानं पुसला, परत पुसला, आणि तिथंच बसून राहिले.

मी मुलाला फोन करून गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून कळवायला सांगितलं. "का गं?" म्हणाला. कारण सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं.

आणि दुसऱ्या दिवसापासून मी स्कूटरचा चोक ओढूनच गाडी चालवायला लागले. सकाळी गार इंजिन सुरू करायला मिनिटभर ओढायचा, जास्तीचं पेट्रोल सोडणारा तो खटका मी मंडईपर्यंत आणि परत तसाच ठेवायची. गाडी घसा बसल्यासारखी गुरगुरायची, मागून काळा धूर, सिग्नलला शेजारचे लोक नाकाला रुमाल लावायचे. पण रविवारी प्लग असा मखमली काळा निघायचा की अण्णांचा चेहरा उजळायचा. चार रविवार ते घासत होते, फुंकत होते, मला उभं करून ओरडत होते. मी देवळात उशिरा पोचत होते आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होते, पूर्वीसारख्याच.

पाचव्या रविवारी त्यांनी ब्रश हातात घेतलाच नाही. प्लग नुसता बोटांत फिरवत बसले. कार्बुरेटर त्यांनीच लावलेला, एअर फिल्टर त्यांनीच धुतलेला, म्हणजे प्लग काळा पडायला गाडीत दुसरं कारणच नाही, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांनी एकदा प्लगकडे बघितलं, एकदा हँडलजवळच्या खटक्याकडे, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"वैनी, चोक ओढून फिरू नकासा. पेट्रोल महाग हाय. प्लग चांगला असला तरी मी उघडून बघतोच की."