देवघरातला निळ्या वर्तुळांचा पेला

डब्लिनमध्ये साकेची चव घ्यायला मला ऑफिसातल्या एका जपानी मैत्रिणीने शिकवलं. पांढऱ्या चिनीमातीचा पेला, तळाशी दोन निळी वर्तुळं. साके किती नितळ आहे ते त्यांवरून जोखायचं, मग वास घ्यायचा, मग एवढासा घोट. तांदळाच्या दारूला पिकल्या केळ्याचा वास येतो हे कळलं आणि मी तिच्या पार नादी लागले. वाढदिवसाला मैत्रिणीने मला तसलाच पेला दिला.

आमच्या टॅला उपनगरापर्यंत ट्राम नुकतीच सुरू झाली होती, त्या वर्षी सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. आमचं लग्न त्यांच्या मनाविरुद्ध झालेलं. तीन वर्षांनी कुठे त्या माझ्याशी मोकळेपणाने बोलू लागल्या होत्या, ते मला घालवायचं नव्हतं. म्हणून बाटली मी पातेल्यांमागे दडवली. पेला मात्र कपबश्यांतच राहिला.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून त्यांनी मला तीर्थ दिलं, ते त्याच पेल्यातून!

"तळाशी चक्र आहे बघ," त्या कौतुकाने म्हणाल्या. "कृष्णाचं भांडं, आणि तू ते कपबश्यांत टाकलंस!"

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "सगळं ग्रँड चाललंय, कशाला उकरतेस?" त्याचं काय जातंय! तीर्थासाठी हात मला पुढे करावा लागत होता. वर सवयीने मी रोज त्या वर्तुळांवरून पाणी नितळ आहे का ते बघायची आणि स्वतःवरच चिडायची.

पाचव्या दिवशी मी पुढे केलेला हात मागे घेतला.

"आई, या पेल्यातून मी दारू प्यायचे. जपानी, तांदळाची."

त्यांनी निरांजन खाली ठेवलं. मी मनातल्या मनात त्यांची बॅग भरून मोकळी झाले होते.

"स्वच्छ घासला होतास ना?"

"हो."

"मग आता तो देवाचा. परत मिळायचा नाही."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. पाच दिवसांनी छातीभर श्वास घेतला. त्यांनी पेला पदराने पुसून कृष्णासमोर ठेवला.

"तांदळाची म्हणालीस ना?"

"हो."

"तुझ्यासाठी नवा आणशील तेव्हा दोन आण. मी नुसता वास घेईन."