एक डावसुद्धा नाही

फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत दिवाळीच्या आधी घरोघरी पत्त्यांच्या बैठका बसतात. पुण्याहून आले तेव्हा मला याचं फार नवल वाटलं होतं. नवरा दरवर्षी काहीतरी निमित्त काढून टाळायचा. त्याला गर्दी आवडत नाही, असं मी धरून चालले होते.

त्या रविवारी दुपारी समोरच्या फ्लॅटमधले शेजारी त्याला अक्षरशः ओढूनच घेऊन गेले. मीही गेले. तीन पत्ती रंगात आली होती. "एक हाथ तो बनता है यार, शगुन का," म्हणत शेजाऱ्यांनी त्याच्यापुढे पत्ते टाकले. त्याने ते उचललेच नाहीत. उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "भाईसाहब, मुझे जुए की लत थी. एक हाथ खेला, तो रुक नहीं पाऊँगा."

मी हसलेच. याला जुगाराचं व्यसन? वाटलं, गंमत करतोय. मग त्याचा चेहरा पाहिला.

तो खाली निघून गेला, मी मागोमाग. बागेतल्या बाकावर त्याला गाठलं.

"हे कधीचं?"

"कॉलेजातलं. आपली ओळख व्हायच्या आधीचं."

"आणि मला आज कळतंय? तेही लोकांसमोर?"

तो म्हणाला, "बाबा गेले तेव्हा माझी गाडी चुकली नव्हती. फोन बंद करून मी पत्ते कुटत बसलो होतो."

गाडी चुकल्यामुळे त्याला वडिलांचं शेवटचं दर्शन झालं नाही, म्हणून सासूबाई आजही हळहळतात.

"तेव्हापासून पत्त्यांना हात लावला नाही. थोडं खेळणं मला जमत नाही गं. अजिबात न खेळणंच जमतं."

गणपतीत पैसे लावून हाउजी सुरू झाली की हा का उठून जातो, ते मला तेव्हा समजलं.

दुसऱ्या दिवशी ते शेजारी एकटेच आले. मला वाटलं, माफी मागायला. पण मागे दार लोटून घेत त्यांनी नवऱ्याला हळूच विचारलं, "छोड़ा कैसे?" एरवी गडगडाटी हसणारा तो माणूस रडवेला झाला होता. चहाचा कप हातात धरून मी तशीच उभी राहिले.

"बस आज मत खेलो," नवरा म्हणाला. "शाम को मेरे साथ घूमने चलो."

आता दोघं रोज फिरायला जातात. मध्ये एकदा शेजारी पुन्हा खेळले आणि तोंड लपवत फिरले. नवऱ्याने काही विचारलं नाही, त्यांची बेल वाजवली आणि बूट घालायला लावले.

सासूबाईंना सांगायचं की नाही, ते अजून ठरत नाही. आणि माझ्या बाजूला बसून पेपर वाचणाऱ्या या माझ्या माणसाकडे पाहताना मी अजूनही मधूनच दचकते.