टाकी, विहीर आणि सहा हजार मीटर

डोंगरावर जाऊन आलेल्या माणसाला लोक डोंगराचंच विचारतात. ते सांगून दोन मिनिटांत संपतं. हिमालयातलं सहा हजार मीटरचं, हिमनदीवरून जायचं एक शिखर. गेलो चौघं, माथ्यावर पोचलो दोघं, धडधाकट परत आलो चौघंही. संपलं! पण त्याआधी वाशिमात वर्षभर जी तयारी चालली, तिचे किस्से संपत नाहीत. सोयाबीनच्या पोत्यांसारखी त्यांची थप्पी लागली आहे. मधलं एक ओढलं की चार अंगावर येतात.

आम्ही चौघं म्हणजे आमचे लीडर बोरकर सर, कॉलेजात खेळ शिकवणारे आणि आधी दोन-तीन मोहिमा केलेले. वैशालीताई, जनावरांच्या डॉक्टर. गजानन, जवळच्या धनज गावचा वायरमन. आणि मी, सरकारी ऑफिसातला कारकून.

*

आमच्याकडे चढायला डोंगर नाही. म्हणून सरांनी गावाबाहेरची पाण्याची टाकी निवडली, रीतसर परवानगी काढली. पाठीवर वाळू भरलेल्या सॅक घेऊन दहा वेळा वर, दहा वेळा खाली.

तिसऱ्या फेरीला खाली माणसं जमली. पाचव्या फेरीला पोलिसांची गाडी आली! हवालदारांनी तोंडाला हात लावून आवाज दिला, "खाली या! तुमची मागणी काय हाये, ते बसून बोलू!"

सर वरून ओरडले, "मागणी काही नाही! प्रॅक्टिस चालू आहे!"

"मागणी नाई म्हणते," हवालदारांनी गर्दीला सांगितलं. गर्दी नाराज झाली. एक म्हातारबा म्हणाले, "मंग टाकीवर कायले चढले?"

आम्ही उतरलो. गर्दीचा विरस झालेला गजाननला पाहवला नाही. तो म्हणाला, "साहेब, लिहून घ्या. लाइन चोवीस घंटे पाहिजे!"

टाळ्या पडल्या. हवालदारांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"अबे, तू तर वायरमन हायेस ना!"

*

मोहिमेच्या परवानगीच्या फॉर्मवर प्रश्न होता, सोबत डॉक्टर आहे का? सरांनी 'आहे' लिहिलं. तिकडून फोन आला, "कशाच्या स्पेशालिस्ट?" सर खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "मोठ्या जनावरांच्या."

गजाननलाही तीच शंका होती. त्यानं एकदा विचारूनच टाकलं, "ताई, वर माहं डोकं दुखलं, तर तुमाले समजन का?"

ताई म्हणाल्या, "गजानन, माझा एकही पेशंट आजवर तोंडानं बोलला नाई. चालण्यावरून, डोळ्यांवरून ओळखते मी. अन् उंचीवर माणूसबी तसाच होते. दुखणं सांगत नाई, लपवते. तू फिकीर नको करू. तू चारा सोडला की मी समजून जाईन!"

*

बर्फात मारायची कुऱ्हाड आली. पण मारायची कशात? आमच्याकडे बर्फ दिसतो तो रसवंतीत आणि लग्नात. शेवटी ऐन मे महिन्यात आम्ही बर्फाच्या कारखान्यात गेलो. मालकांनी एक लादी उभी करून दिली. सरांनी हात कसा उचलायचा, मनगट कसं झटकायचं ते दाखवलं. आम्ही घाव घालू लागलो. मालक खुर्ची ओढून बसले आणि मन लावून पाहू लागले.

पंधरा मिनिटांनी उठले. म्हणाले, "चांगला हात हाये तुमचा. आता एवढ्या चार लाद्या फोडून द्या. लग्नाची ऑर्डर हाये, अन् माणूस आला नाई!"

आम्ही दिल्या फोडून. जेवायला या म्हणून लग्नाचं आमंत्रणही मिळालं.

*

हिमनदीवर सगळे एका दोराला बांधून चालतात, दोघांत अंतर राखून. एखादा बर्फाच्या भेगेत गेला, तर बाकीच्यांनी धरायचं. त्याची सवय व्हावी म्हणून आम्ही रोज सकाळी शेलूबाजारच्या रस्त्याला तसे चालायचो. पुढे ताई, मग मी, मग गजानन, शेवटी सर.

एक जीपवाला हळू झाला. सरांना म्हणाला, "भाऊ, यायले कुठं नेऊन राह्यले?"

"हिमालयात," सर म्हणाले.

त्यानं मान हलवली. जीप थोडी पुढे घेऊन माझ्याजवळ आणली, आणि हळूच म्हणाला, "पळून जायचं असन तर सांग. गाडी चालूच हाये!"

*

रजेच्या अर्जात मी कारण लिहिलं, 'हिमनदीवर जाणे'.

साहेब म्हणाले, "नदीवर जायला महिना लागतो?"

"गोठलेली नदी आहे, साहेब."

"मग वितळू द्या की!"

*

भेगेत पडलेल्या माणसाला वर काढायची प्रॅक्टिस धनजला केली, गजाननच्या काकांच्या कोरड्या विहिरीत. या बाबतीत सर फार कडक होते. आधीच्या एका मोहिमेत एकाला वर काढायला त्यांना उशीर झाला होता. एवढंच त्यांनी सांगितलं होतं. पुढचं आम्ही कधी विचारलं नाही.

ताई विहिरीत लोंबकळल्या. वर आम्ही दोर, कप्प्या, गाठी लावत होतो. सर हातातल्या घड्याळाकडे बघत होते. पहिल्यांदा माझी गाठ चुकली. दुसऱ्यांदा कप्पी उलटी लागली. वीस मिनिटं झाली. सरांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि आमच्यापैकी कोणाचीही त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या शेतातले पाच-सहा जण धावत आले. "बाई पडली! बाई पडली!" कोणाला काही सांगायच्या आत त्यांनी दोर धरला, आणि तीन हिसक्यांत ताई बाहेर!

ताईंनी कोपर खरचटलेलं पाहिलं, माती झटकली आणि म्हणाल्या, "सर, यायले घेऊन जाऊ."

सर हसले नाहीत. त्यांनी दोर पुन्हा विहिरीत सोडला. सूर्य मावळेपर्यंत आम्ही ताईंना अकरा वेळा काढलं. शेवटच्या वेळी सात मिनिटं लागली. मग सर विहिरीच्या काठावर बसले आणि बराच वेळ पाणी पीत राहिले.

*

शेवटचा कागद घरच्यांच्या संमतीचा होता. आमच्या तिघांच्या सह्या झाल्या. गजाननची राहिली. त्याला वडील नाहीत. आई सुभद्राबाई सही करेना, आणि का करत नाही तेही सांगेना. म्हणून सर स्वतः धनजला गेले. सोबत मी.

सुभद्राबाई ओसरीत चिंचा फोडत बसल्या होत्या. "काय लिवलं त्यात? वाचा," म्हणाल्या.

सरांनी सगळं वाचलं. एक शब्द गाळला नाही. 'अपघात किंवा मृत्यू झाल्यास' हेही वाचलं. गजानन खाली बघत होता.

"शेवटचं परत वाचा."

सरांनी परत वाचलं.

"बर्फ खालून पोकळ राह्यते म्हणे?"

"राह्यते, माय."

"मंग?"

"आमी चौघं एका दोरानं बांधलेले राह्यतो. एक गेला तर बाकीचे धरते."

"याच्या मांगं कोण बांधलेलं राह्यते?"

"मी."

सुभद्राबाईंनी पदराला हात पुसले. कागद हातात घेतला, सहीची जागा शोधली, तिच्यावर बोट ठेवलं आणि कागद सरांकडे फिरवला.

"मंग इथं तुमी करा सही."

"माय, हे घरच्यायसाठी हाये."

"माईत हाये मले. आताच वाचलं ना तुमी."

सर पेन हातात धरून बसले. गजानन "आई..." म्हणाला, पण दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही. मग सरांनी कागद मांडीवर ठेवला आणि पूर्ण नावानं सही केली. खाली आणखी एक रकाना होता, 'अर्जदाराशी नाते'. तिथं सर थांबले. सुभद्राबाई पुन्हा चिंचा फोडू लागल्या. सरांनी त्या रकान्यात काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि कागद वरच्या खिशात ठेवला.

फॉर्म तसाच गेला. आणि मंजूरही झाला!