आडवे मिस्त्री आणि गाडीचं पोट

आडव्या मिस्त्रींना उभं पाहिलेली माणसं थोडीच असतील. चौदाव्या वर्षी ते मामांच्या गॅरेजात गाडीखाली शिरले, आणि सत्तरी आली तरी पुरते बाहेर आलेले नाहीत. चार छोट्या चाकांच्या फळीवर पाठ टेकायची, पायाने रेटा द्यायचा आणि आत. त्यांची बायको म्हणते, घरच्या छताला तडा गेलेला यांना वर्षभर दिसला नाही, लोकांच्या गाड्यांच्या पोटाला मात्र सुईएवढं भोक पडलं तरी दिसतं.

ते फक्त गाडीच्या तळाचं काम करतात. जुना थर सोलायचा, गंज काढायचा, कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा आणि रंग चढवायचा. तोही गाडीच्या अंगावर असतो तोच. खालून कोण बघणार, असं गिऱ्हाईक म्हणालं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "मी बघतो की."

आमची फिकट हिरवी गाडी त्रेपन्न वर्षांची. आमचे हे गेल्यापासून सहा वर्षं ती कापडाखाली उभी होती. यंदा नातीने ती चालवायचं मनावर घेतलं आणि मी मिस्त्रींना निरोप धाडला. थोरला मुलगा म्हणाला, तळ धड निघाला तर दुरुस्त करू, नाहीतर भंगारात देऊ, उगाच जीव टांगणीला नको. मी कबूल केलं. म्हणजे गाडीचं काय होणार ते आता मिस्त्रींच्या शब्दावर होतं.

मी रोज दहाला जाऊन गॅरेजच्या दाराशी स्टुलावर बसत असे. तळाला हिरव्या रंगाखाली अर्ध्या बोटाएवढा जाड काळा डांबरी थर होता. गरम हवा सोडून तो मऊ करायचा आणि पात्याने खरवडायचा. झाडाची साल निघावी तशा लांब पट्ट्या निघत. उरलेला चिकटपणा रॉकेलच्या बोळ्याने पुसायचा, मग तारेचा ब्रश. चार दिवस हेच. मग मिस्त्रींनी हातोडी उलटी धरली आणि लाकडी दांड्याने तळ वीतवीत ठोकून पाहिला. सगळीकडे खणखणीत आवाज आला. फक्त दोन्ही बाजूंना, दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर, बद्द.

ते बाहेर आले, हात पुसले आणि समोरच्या टायरावर बसले. मला म्हणाले, त्या पट्ट्यांच्या बुडाला दर बाजूला चार-चार भोकं असतात. आत गेलेलं पाणी त्यातून निघून जातं. आठही काळ्या थराने बुजलेली आहेत. वर्षानुवर्षं पाणी आत साचलं आणि पत्रा आतून खाल्ला.

"बुजवली कुणी?" मी विचारलं.

"मी," ते म्हणाले. "एकतीस वर्षं झाली. साहेब म्हणाले होते, थेंब आत जाता कामा नये."

"मग चूक ह्यांची."

"साहेबांना गाडी फक्त चालवता येत होती, बाई. भोकं कशासाठी असतात ते मला ठाऊक होतं. पण तळ इतका गुळगुळीत झाला होता की त्यात भोकं ठेवायला हात धजेना."

घरी येऊन मी त्या वर्षीची डायरी काढली. नोंद सापडली: मिस्त्रींनी गाडीचा तळ करून दिला, एकही खाच नाही, हे खूष, मीही. शाबासकी देणाऱ्यांत मी होतेच की.

रात्रीच्या जेवणाआधी थोरल्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, ज्याने नासवलं त्याच्याच हातात पुन्हा द्यायची?"

मी म्हटलं, "मिस्त्री नवा थर फासून गप्प बसले असते तर तुला कळलं असतं? मला तरी कळलं असतं का?"

त्याने ताटं मांडली. मग म्हणाला, करू देत, पण मी स्वतः तपासणार.

मिस्त्रींनी दोन्ही पट्ट्या मुळापासून कापल्या. नव्या बेतून जोडल्या, सांधे भरले, गंज रोखणाऱ्या तांबड्या रंगाचा हात दिला. वरचा थर मारण्याआधी आठही भोकांत तेल लावलेल्या लाकडी खुंट्या ठोकल्या. रंग वाळल्यावर त्या एकेक करून उपटल्या आणि मोजून माझ्या हातात ठेवल्या. तीन आठवडे गेले. मदतीला कुणी घेतलं नाही. गाडी बघायला आलेल्या माझ्या भावोजींनी विचारलं तर मिस्त्री म्हणाले, निस्तरायचं माझं आहे, दुसऱ्याचा हात कशाला मळवू.

रविवारी थोरला आला. मिस्त्रींनी त्याच्या हातात पाण्याची मोठी बादली दिली आणि दाराखालच्या पट्टीच्या वरच्या कडेची रबरी टोपी काढून म्हणाले, ओता. त्याने जपून ओतलं. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग खालून चार धारा एका ओळीत लागल्या. दुसऱ्या बाजूलाही चार. थोरला कोरा सदरा घालून फळीवर आडवा झाला आणि आत गेला. टॉर्च फिरवत तो पाच-सात मिनिटं तरी खाली होता. मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते.

थोरला बाहेर आला तेव्हा पाठ भिजलेली होती.

"मिस्त्री, माझीपण गाडी बघाल का एकदा?"

"आणा. पण जे सापडेल ते सांगेन."

"म्हणूनच आणतोय," थोरला म्हणाला.