हात पोचत नाही ती जागा

भिवाजी विरले याच्या धंद्यात गिऱ्हाईक परत आलं नाही, की धंदा चांगला चाललाय असं समजत. धंदा म्हणणंही तसं चुकीचंच, कारण तो पैसे घेत नसे. नेरळजवळ, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला त्याचं घर. त्या घरात तीन पिढ्या गजकर्णाचं औषध दिलं जातं. टाकळ्याचं बी आंबट ताकात दोन दिवस भिजत घालायचं, पाट्यावर लोण्यासारखं वाटायचं, त्यात करंजाचं तेल कालवायचं, झाला लेप. यात गुपित काहीच नाही. टाकळा पावसाळ्यात गटाराच्या कडेलासुद्धा उगवतो आणि लोक त्याची कोवळी पानं भाजी करून खातात. औषधाचा सगळा दरारा होता तो नियमांत.

नियम असे. औषधाचं मोल द्यायचं नाही, नारळसुद्धा नाही. लेपाचं पहिलं बोट औषध देणाऱ्याने आपल्या हाताने लावायचं. मग बी आणि तेल घेऊन घरी जायचं आणि एकवीस दिवस स्वतः वाटून लावायचं. उठताना एक शब्द बोलायचा नाही, आणि रस्त्याला लागेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. वळून पाहिलं, की रोग ओसरीवर राहत नाही, पाठोपाठ घरी येतो. आणि परत यायचं नाही. परत आला, तर गुण आला नाही असं धरायचं.

नियमांखेरीज पथ्य. अंग ओलं ठेवायचं नाही, कपडे कडक उन्हात वाळवायचे, टॉवेल घरातल्यांपासून वेगळा. दही, वांगं, सुकट बंद. लोक बाकी सगळं मान डोलावून ऐकत आणि सुकटीपाशी अडत. रात्र रात्र खाजवत बसायची ज्यांची तयारी असे, त्यांना एकवीस दिवस सुकटीविना म्हटलं की डोळ्यांत पाणी येई.

चट्टा पांढरट असला आणि त्याला टाचणी टोचलेली कळत नसली, तर मात्र भिवाजी वाटीला हात लावत नसे. सरळ सरकारी दवाखान्यात धाडत असे. पू असला, रोग्याला साखर असली, तरी तेच. एवढी अक्कल त्याच्या बापाला नव्हती. ती त्याने एका आरोग्यसेविकेची चारचौघांत बोलणी खाऊन मिळवली होती.

त्याच्या एकटेपणाची खरी मजा लग्नात दिसे. मांडवात बसलेल्या निम्म्या पाहुण्यांच्या कमरा, मांड्या आणि काखा त्याला ठाऊक होत्या, पण रामराम कुणी करत नसे. केला असता, तर शेजारच्याने लगेच विचारलं असतं, "तू कवा गेलतास रं त्याच्याकडं?" म्हणून लोक त्याला पाहून पंगतीत जरा पलीकडची जागा धरत. भिवाजी खाली मान घालून जेवत असे. त्यालाही ते रास्त वाटत असे.

बायको होती तोवर हे अंगावर आलं नाही. सोनाबाई दारात बसून आल्यागेल्याशी बोलत असे. जाताना बोलायचं नसलं, तरी येताना बोलायला बंदी नव्हती. भिवाजी आत बी वाटायचा आणि बाहेरचं ऐकायचा. कुणाची म्हैस गाभण आहे, कुणाच्या सुनेचं माहेरी वाजलं, सगळं त्याला पाट्यावर बसून कळे. दोन वर्षांपूर्वी सोनाबाई गेली. त्यानंतर लोक आले, बसले, कंबर दाखवली आणि गेले. नियम तेच होते. आता फक्त ते दोन्ही बाजूंनी पाळले जाऊ लागले.

यंदा पावसाळा सरता सरता भिवाजीच्या पाठीला खाज सुटली. दोन्ही खांद्यांच्या मध्ये, जिथे वरून उजवा हात पोचत नाही आणि खालून डावाही पोचत नाही, नेमकी तिथे. घामोळं असेल म्हणून आठ दिवस त्याने स्वतःला फसवलं. मग मोबाईल खांद्यावरून मागे धरून फोटो काढला. पहिले तीन कौलांचे आले. चौथ्यात मात्र स्वच्छ दिसलं: गोल चट्टा, कडा उठावदार, मधली जागा विरलेली. दुसऱ्या कुणाचं असतं, तर त्याने दारातूनच ओळखलं असतं.

औषध घरात होतं. बी होतं, ताक होतं, तेल होतं. नव्हता तो फक्त हात. बापाने त्याला सगळे नियम शिकवले होते, पाठीचा तेवढा सांगायचा राहून गेला होता. बापाला बायको होती.

त्याने काठीला फडकं बांधून पाहिलं. लेप मानेला लागला आणि कमरेला लागला. मग त्याने गोठ्याच्या भिंतीला छातीच्या उंचीवर लेप थापला आणि म्हशीसारखी पाठ घासली. म्हशीला हे किती सहज जमतं, याचं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कौतुक वाटलं. त्याच्या पाठीला मात्र पोपडे लागले आणि लेप राहिला भिंतीवर. भिंतीला गजकर्ण असतं, तर ती बरी झाली असती.

शेजारच्या गजाला सांगता आलं असतं. पण गजाला सांगितलं असतं, तर लेप वाळायच्या आत बातमी नेरळच्या बाजारात गेली असती: गजकर्णवाल्यालाच गजकर्ण! आणि भिवाजीजवळ आता नावाखेरीज सांभाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. लोक बोलत नसले, तरी औषधाचा गुण मानत होते. तेही गेलं, तर ओसरीवर बसायचं कशासाठी?

म्हणून तो शेलूला मुलाकडे गेला. जितेशचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. नेरळहून एकच स्टेशन, पण मधे कामाच्या पाळ्या होत्या, हप्ते होते, मुलीची शाळा होती. त्यामुळे हे अंतर ऐकायला वाटतं त्याहून पुष्कळ लांब होतं.

"बाबा, आजच्या जमान्यात ताक कसलं लावताय पाठीला?" जितेश म्हणाला. "मी ट्यूब आणतो."

त्याने खरोखरच कामावरून येताना ट्यूब आणली, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "दोन वेळा लावा." लावायची कुणी, हे ना त्याला सुचलं, ना भिवाजीला विचारवलं. सून नम्रता चांगल्या घरची होती. सासऱ्याची पाठ हे तिचं काम नव्हे, याबद्दल दोघांचंही न बोलता एकमत होतं. तिने फक्त त्याचा टॉवेल वेगळ्या खिळ्याला टांगला आणि साबण वेगळा ठेवला. चार वर्षांची सुरभी "आजोबा, घोडा!" म्हणत पाठीवर चढायला आली, तेव्हा नम्रताने तिला अलगद उचलून नेलं.

बरोबरच होतं. चाळीस वर्षं भिवाजी लोकांना हेच सांगत आला होता. आपलं पथ्य इतकं चोख पाळलेलं त्याने क्वचितच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. ट्यूब पिशवीत तशीच होती. ट्यूबचं काय होतं, हे त्याने कितीतरी कमरांवर पाहिलं होतं: मेडिकलमधून न विचारता आणलेल्या मलमाने चट्टा चार दिवस विझल्यासारखा होतो आणि पाचव्या दिवशी दुप्पट होऊन उठतो.

त्यानंतर आठेक दिवसांनी, उन्हं कलता कलता पोशा आला. डोंगरातल्या वाडीवरचा, चाळिशीचा गडी. माथेरानला दुसऱ्याच्या मालकीचे घोडे धरून चालायचं त्याचं काम. दिवसभर लाल मातीत पायपीट, कमरेला करकचून पट्टा, आणि पट्ट्याखाली गजकर्ण.

"कवापासून हाय?"

"पावसापासून. पयली ट्यूब लावली. गेल्यागत झालं, मंग दावणीला बांधल्यागत ऱ्हायलं."

भिवाजीने पहिलं बोट लावलं, पथ्य सांगितलं, पुडी बांधली. आता पोशाने उठून मुकाट्याने निघायचं. पण भिवाजीची नजर त्याच्या हातांवर गेली. रुंद, चपटे हात. रोज घोड्यांच्या पाठीला खरारा करणारे. आणि त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. हा माणूस कुणाला काही सांगणार नाही. सांगायचं, तर आधी आपण कुठे गेलो होतो ते सांगावं लागेल. ज्या नियमाने माणसं तोडली, तो आज पहिल्यांदा उपयोगाला येत होता.

"पोशा, एक काम हाय. कुनाला बोलायचं नाय."

"मी हितं आलो त्येच कुनाला बोलनार नाय."

भिवाजीने सदरा काढला आणि पाठ केली.

"आरं द्येवा! तुमालाच?"

"का? मला कातडी नाय?"

"तसं नाय वो बाबा." पोशाने वाटी उचलली. "घोड्याला बी हुतं आसं. पन घोड्याला मी असतो."

त्याने बोटाने लावलं नाही. डावा हात भिवाजीच्या खांद्यावर भक्कम ठेवला आणि उजव्या तळव्याने, केस वळतात त्या बाजूने, सावकाश लेप चोळला. चोळता चोळता घोड्याशी बोलायचा आवाज आपोआप त्याच्या तोंडून निघाला. "हां… हां… हालू नको. झालं, झालं." भिवाजी हलला नाही. दोन वर्षांत त्याच्या पाठीला माणसाचा हात लागला नव्हता. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

"गार लागतंय?"

"ताक हाय त्यात," भिवाजी म्हणाला.

पोशाने साबणाने हात धुतले. "आज झालं. फुडं ईस दिस कोन लावनार?"

"पोरगा हाय शेलूला."

"येतो व्हय?"

"एकच ठेसन हाय."

"हां," पोशा म्हणाला. "एकच." आणि पुडी घेऊन उठला.

"पुडी ठेव," भिवाजी घाईने म्हणाला. "नियम बदललाय. औषध घरी न्यायचं नाय. रोज डोंगर उतरलास की हितं यायचं."

"कवा बदलला?"

"आत्ताच."

पोशाने पुडी ओसरीवर ठेवली. "बदलताच हाव, तर तेवढं सुकटीचं बी बघा की."

"सुकट बंदच."

तो रोज येऊ लागला. आधी भिवाजी त्याच्या कमरेला लेप लावे, मग तो भिवाजीच्या पाठीला. बोलणं व्हायचं ते पाठीआडून. तोंड दिसत नसल्यामुळे दोघांनाही ते सोपं जाई. एक घोडी एका ठरावीक वळणावर थांबते आणि दरीकडे बघितल्याशिवाय पाऊल उचलत नाही, हे भिवाजीला कळलं. पोशाची बायको माहेरी गेली ती गेलीच, हेही कळलं. सोनाबाई दारात बसून बोलायची आणि तिच्या बोलण्यापायी कितीदा बी जाडसर वाटलं जायचं, हे पोशाला कळलं. भिवाजी दुपारपासूनच दोन कप धुऊन ठेवू लागला.

अकराव्या दिवशी पोशा आला नाही. भिवाजीने वाटी झाकली, उघडली, पुन्हा झाकली. लेपाला वरून साय धरली. दुसऱ्या दिवशी पोशा आला, म्हणाला, "घोडा घसरला. मालकासंगं थांबावं लागलं."

"कालचा दिस धरायचा नाय," भिवाजी वाटीकडे बघत म्हणाला. "बावीस करू."

एकोणिसाव्या दिवशी त्याने फोटो काढला. आता पहिल्याच खेपेला पाठ बरोबर यायची. कड मावळली होती. पोशाच्या कमरेवरही काळसर डागाखेरीज काही उरलं नव्हतं. भिवाजीला एवढा झटपट गुण आल्याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं.

बाविसाव्या संध्याकाळी पोशाने सदरा वर केला. "बघा. झालं का माजं?"

आणखी आठ दिवस, एवढंच म्हणायचं होतं. ते धड खोटंही ठरलं नसतं. मूळ राहतं म्हणून त्याने कितीकांना आठ दिवस वाढवून दिले होते. भिवाजीने कातडी अंगठ्याने ताणली, उजेडाकडे वळवली, पुन्हा ताणली. जितका वेळ बघता येण्यासारखं होतं तितका वेळ बघितलं.

"झालं," तो म्हणाला.

"आनि तुमचं?"

"तूच सांग. तुला दिसतंय."

पोशाने तळवा त्या जागी टेकला आणि क्षणभर तसाच ठेवला. "साफ हाय. बाजारात उभं केलं तरी कोन नाव ठेवनार नाय." मग चपला शोधता शोधता थांबला. "बाबा, निघताना कसं मंग? जुना नियम का नवा?"

भिवाजीने सदऱ्याची बटणं लावली. वरचं बटण चुकलं, ते काढून पुन्हा लावलं.

"रोग जावा असं वाटतं ना?"

"वाटतं की."

"मग जुनाच."

पोशाने मान हलवली आणि एक शब्द न बोलता पायऱ्या उतरला. ओसरीपासून रस्ता ऐंशी पावलं. मधे चिंच, मग हातपंप, मग वळण. भिवाजी ओसरीच्या कडेला येऊन उभा राहिला. आत ताकात उद्याचं बी भिजत होतं. ते त्याने कालच घालून ठेवलं होतं, सवयीने. हातपंपापाशी पोशाची चाल जरा मंदावली. भिवाजीने खांबाला हात धरला.

पोशा वळणावरून दिसेनासा झाला. चांगला रोगी होता. वळला नाही.