म्हैस आधी खाली आली

आमच्या व्याह्यांइतका विचार करणारा माणूस महाड-पोलादपूरच्या मुलखात दुसरा नाही. माझी शाळा चौथीत सुटली, तरी हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. एकदा विचार करून त्यांचं भागतच नाही. डोक्याला पटलं की म्हणणार, "थांबा, आता पोटाला इचारतो." माझ्या मुलाला मुलगी द्यायची की नाही ते ठरवायला आले, तेव्हा मी शेत दाखवलं, विहीर दाखवली. नुसती मान हलवत होते. मग उठले आणि सरळ गोठ्यात शिरले. तिथे माझा म्हातारा बैल, नांगर कधीचा सुटलेला, निवांत रवंथ करत होता. त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "आना साखर. पोरगी दिली." मला रागच आला. घर बघायला आलात की बैल! पुढे महाडच्या डॉक्टरांनी त्यांची तंबाखू बंद केली. डोक्याला लगेच पटलं, पण हात कमरेच्या तंबाखूच्या पिशवीकडे जायचा राहीना. मग त्याच पिशवीत बडीशेप भरली. अजून ती तळहातावर मळून, फुंकर मारून खातात. म्हणतात, "तंबाखू सुटली हे हाताला कशाला कळवायचं?"

त्यांची वाडी आंबेनळी घाटाच्या बाजूला, डोंगराच्या अंगावर. तळीयेत दरड कोसळून काय झालं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या घरामागे जमीन भेगाळली. व्याह्यांनी भेगेत काठी घातली, ती निम्मी आत गेली. घरात येऊन विहीणबाईंना म्हणाले, "चल गो, खाली जाऊ." त्या हलेनात. "म्हस गाभन हाय. डोंगर काय आज उभा ऱ्हायलाय?" मी मुद्दाम वर जाऊन समजावलं. माझा शब्द सहसा कुणी मोडत नाही. त्या म्हणाल्या, "व्याही, च्या घ्या नि उजेडाचे घरी जावा."

दुसऱ्या दिवशी बघतो तर व्याही म्हशीचं दावं धरून माझ्या अंगणात. खाली सपाटीवर माझा गोठा, तिथे तिला बांधली. दिवस मावळायच्या आत विहीणबाई दारात; डोक्यावर देवांची टोपली, तोंड चालू. "माझी म्हस पळवलीत? परक्या गोठ्यात व्याली तर जवळ कोन?"

"तूच बस की," व्याही म्हणाले.

बसल्या, आणि राहिल्या. पावसाळा सरला, डोंगर काही पडला नाही. वाडीतले चिडवायचे, "काय काका, डोंगर हाय की जाग्यावर!"

"आसू दे. त्यो बी ऱ्हायला, ही बी ऱ्हायली."

आता माझ्याच बांधाला त्यांनी दोन खोल्या काढल्यात. पण मधूनच दुपारचे नाहीसे होतात. एकदा मी मागोमाग वर गेलो. बंद घर उघडून हा माणूस गुडघ्यांवर बसून जमीन सारवत होता.

"परत यायचा विचार हाय की काय?" मी विचारलं.

"नाय वो. भेग चुलीपर्यंत आलीय."

"मग सारवता कशाला?"

हात न थांबवता म्हणाले, "आपन कशापायी गेलो, ते घराला कोन सांगनार?"

वाद घालायची मला सवय आहे. त्या दिवशी शेणाची बादली तेवढी त्यांच्याकडे सरकवली.