कुंपणापलीकडे लोटलेले टायर

अमरावतीच्या शाळेत मी तेव्हा आरोग्यशास्त्र शिकवत असे. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शाळाखात्यानं लावलेल्या पुस्तकात डासांवर एक धडा होता. फळ्यावर मी अंडी, अळी, कोष आणि डास अशी चार चित्रं काढायचो आणि मुलांना बजावायचो, "घराभोवती पाणी साचू देऊ नका." हे आधीच सांगतो. पुढं जे केलं ते अजाणता केलं, असं कुणाला वाटायला नको.

बागेचा मला नाद होता. चिखलदऱ्याच्या मोटारीचा ड्रायव्हर ओळखीचा होता. घाटात टायर लवकर झिजत. त्यातले बरे असतील ते चांभार चपलांच्या तळव्यांसाठी नेत, अगदी फाटके स्टँडमागे पडून राहत. असले सहा टायर मी मागून आणले, परसात आडवे मांडले, बाहेरून चुना फासला, मधे माती भरून झेंडू आणि मिरच्या लावल्या. हेडमास्तर एकदा चहाला आले तेव्हा बराच वेळ बघत राहिले. "मास्तर, हे शाळेत करा," म्हणाले. मी आठ दिवस हवेत होतो.

पावसाळ्यात खोट उघडी पडली. माती मी मधल्या गोलात भरली होती. टायरच्या आतली पोकळी मात्र तशीच रिकामी राहिली होती. तिथं पाणी साचलं. मिरच्या तोडताना ते बायकोनं पाहिलं.

"अहो, इकडं या. यात अळ्या वळवळताहेत."

मी वाकून पाहिलं. फळ्यावर काढायचो तशाच, डोकं खाली आणि शेपूट वर.

"रविवारी काढतो," मी म्हणालो. त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी झेंडूला कळ्या दिसल्या, म्हटलं दसरा होऊ द्यावा.

आमच्या परसामागं निवडुंगाचं कुंपण आणि त्यापलीकडं एक झोपडं होतं. त्यात नवरा-बायको राहत. हंगामात तो जिनात कापसाच्या गाठी उचलायचा, पावसाळ्यात दोघंही शेतात तण निंदायला जात. त्या भादव्यात त्याला ताप भरला. हाडं अशी ठणकत की कूस बदलता येत नव्हती. मग गल्लीतल्या आणखी तीन-चार घरांत ताप शिरला. बायकोनं झोपड्यात काढा पाठवला आणि मला एवढंच म्हणाली, "त्यांचं घर आपल्या मागंच आहे." मी पेपर वाचत राहिलो.

एके दिवशी शाळेत कळलं, उद्या सकाळी सॅनिटरी इन्स्पेक्टर आमची गल्ली तपासणार. आरोग्यशास्त्राच्या मास्तरच्या परसात अळ्या! मधल्या सुट्टीत मी घरी आलो. बायको शेजारी गेली होती. झेंडू उपटले, माती उकरली. टायर तिरके करून पाणी ओतून टाकावं एवढंही सुचलं नाही, किंवा तेवढा वेळ घालवायचा नव्हता. कुंपणाला एके ठिकाणी खिंडार होतं. त्यातून सहाही टायर एकेक करून पलीकडं लोटले. ती बाई निंदायला गेली होती. झोपड्यातून नवऱ्याचं कण्हणं ऐकू येत होतं. शेवटचा टायर घरंगळत जाऊन त्याच्या कुडाला लागला तेव्हा आतून आवाज आला, "कोण आहे?" मी हात धुऊन शाळेत परतलो.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले. माझं परस पाहून म्हणाले, "मास्तरसाहेब, सगळ्यांनी असं ठेवलं तर आम्हांला कामच उरणार नाही." मग ते मागच्या झोपड्याकडं गेले. गल्लीतली माणसं जमली होती. इन्स्पेक्टरच्या माणसानं काडीनं एका टायरमधलं पाणी ढवळून दाखवलं.

"ए बाई, हे काय पाळलंस?" इन्स्पेक्टर ओरडले. "सगळ्या गल्लीला तुझ्यामुळं ताप आला. लाज नाही वाटत?"

"सायेब, हे आमचे नोहोत," ती म्हणाली. "काल सकाऊन नव्हते इथं. मी वावरातून आली तं हे पडले व्हते."

"आकाशातून पडले काय? मास्तरसाहेब, तुम्ही शेजारी. कुणी टाकताना पाहिलं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "नाही."

ती वाकली. एका टायरच्या कडेला चिकटलेल्या मातीतून तिनं काहीतरी बोटांनी ओढून काढलं आणि हातातच ठेवलं. मग माझ्याकडं पाहिलं. इन्स्पेक्टरच्या माणसानं पाण्यावर घासलेट ओतलं, आणि माणसं पांगली.

सहा दिवस मी त्या बाजूची खिडकी उघडली नाही. सातव्या दिवशी दुपारी गेलो. ती दारात सूप घेऊन तूर पाखडत बसली होती.

"ते टायर माझे होते," मी म्हणालो.

"मले तवाच समजलं, मास्तर. झेंडूचं मूळ व्हतं त्यात. आमच्या घरी झेंडू कुठून येईन?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? तुमी नाई म्हणाले. तुमचं सोडून मायं कोनं आयकलं असतं?" तिनं सूप झटकलं. "घेऊन जा आता. मच्छर लय झाले."

भर दुपारी एकेक टायर ढकलत मी चांभाराकडं नेला. त्यानं ते उभे चिरून दिले, पाणी धरणार नाहीत असे. तिथून मी इन्स्पेक्टरच्या कचेरीत गेलो आणि सगळं सांगितलं. गल्लीत येऊन चार माणसांसमोर त्या बाईला तसं सांगा, अशी विनंती केली.

"अहो मास्तरसाहेब, आता कशाला?" ते म्हणाले. "झालं ते झालं. तुमच्यासारख्या माणसाचं नाव उगाच खराब व्हायचं." त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मी बसलो. चहाही घेतला.

गल्लीत सांगायला मला इन्स्पेक्टरची गरज नव्हती. पण मी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर जिन सुरू झालं. तिचा नवरा दोन दिवस गेला, तिसऱ्या दिवशी गाठ उचलताना खाली बसला. तो ताप माझ्याच परसातल्या डासांनी आणला असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नाही आणला असंही सांगू शकत नाही. थोड्या दिवसांनी दोघं तिच्या भावाकडं तेल्हाऱ्याला गेली. तिथं कापूस वेचायचं काम मिळेल, असं ती बायकोला सांगून गेली. माझा निरोप तिनं घेतला नाही.

पुढं दोनेक वर्षांनी आमच्या घरी हजामत करायला येणारा न्हावी मागच्या मोकळ्या जागेकडं वस्तरा दाखवत म्हणाला, "तिथं ती टायरवाली बाई राहत व्हती. तिच्यापायी तापाची साथ आली व्हती गल्लीत."

"ते टायर तिचे नव्हते," मी म्हणालो. "माझे होते. मीच तिकडं लोटले होते."

तो हसला. "तुमी मास्तर लोक बी काय मस्करी करता!" म्हणाला, आणि माझी हनुवटी वर करून दाढी करू लागला.